चित्र मजकुराशी जुळतं का, हे विचारणं आधी सोड

पत्र: ताई, मी एम.ए. इंग्रजीच्या दुसऱ्या वर्षाला आहे, तालुक्याच्या कॉलेजात. डिझर्टेशनसाठी 'व्हिक्टोरियन कादंबरीतली चित्रं आणि मजकूर' असा विषय घेतलाय. गाइड सर म्हणतात चित्रं म्हणजे सजावट, त्यात साहित्य कुठंय, आणि घ्यायचाच असेल तर डिकन्स, थॅकरे, हार्डी सगळे घे म्हणजे साठ पानं भरतील. मला चित्रकलेतलं शून्य कळतं. माझ्या पेपरबॅकमध्ये एकही चित्र नाहीये. नेटवर जी बघितली ती मजकुरात लिहिलंय तेच दाखवतात, मग मी लिहू काय? विषय बदलू का? आणि आपल्याकडचं काही जोडता येईल का त्याला? – गोंधळलेली

अगं, विषय अजिबात बदलू नकोस, प्रश्न बदल. आत्ता तू काय करतेस तर चित्र बघतेस, मग मजकूर बघतेस, दोन्हीकडे टोपी आहे, दोन्हीकडे खुर्ची आहे, टिक मारतेस आणि पुढे जातेस, मग लिहायला उरणार काय? त्याऐवजी असं विचार की हे चित्र काढून टाकलं तर वाचकाला नेमकं काय कळणार नाही. हा एकच प्रश्न घेऊन बस, साठ पानं कमी पडतील.

उदाहरण देते, आणि जरा सविस्तर देते कारण माझ्या मते तुझं अख्खं डिझर्टेशन यातच आहे. 'व्हॅनिटी फेअर' घे. जानेवारी १८४७ ते जुलै १८४८, दर महिन्याला पिवळ्या कव्हरचा एक अंक, किंमत एक शिलिंग, आणि चित्रं स्वतः थॅकरेची. म्हणजे लेखकाने काय सांगितलं आणि चित्रकाराने काय ऐकलं ही भानगडच नाही, लिहिणारा आणि काढणारा एकच. आता शेवटच्या प्रकरणात ये. जोस सेडली आजारी आहे, टरकलेला आहे, मेहुण्याला, म्हणजे डॉबिनला, भेटायला बोलावतो, आणि मजकूर सरळ सांगतो की त्या रात्री बेकी, कादंबरीची धूर्त नायिका, पार्टीला जाणार म्हणून ही वेळ ठरवली, दोघांना एकट्याने बोलता यावं. जोस गयावया करतो की बेकीला यातलं काही कळू देऊ नकोस. ठीक. आता चित्र बघ, जोस डॉबिनला विनवतोय आणि पडद्याआड बेकी उभी आहे, हातात काहीतरी धरलंय, ते नेमकं काय यावर अभ्यासक अजून वाद घालतायत. चित्राखालची ओळ म्हणते, क्लायटेम्नेस्ट्राच्या भूमिकेत बेकीचा दुसरा प्रवेश. पहिला प्रवेश तिने गॉन्ट हाउसच्या पार्टीतल्या नाटुकल्यात केला होता, आणि क्लायटेम्नेस्ट्रा म्हणजे नवऱ्याचा खून करणारी ग्रीक राणी. पुढे तीन महिन्यांनी जोस मरतो, विम्याच्या पैशांचा घोळ होतो, कंपनीचा वकील म्हणतो इतकी काळी केस बघितली नाही, आणि बेकीच्या वकिलांची नावं थॅकरेने काय दिलीयत तर बर्क, थर्टेल आणि हेज, तिन्ही ब्रिटनमधल्या गाजलेल्या खुन्यांची.

आता सांग, बेकीने जोसला मारलं का? मजकूर कुठेच तसं म्हणत नाही. पण मजकुरात जी बाई त्या घरातच नाही ती चित्रात पडद्यामागे उभी आहे! ज्यांनी तुझ्यासारखी बिनचित्रांची कॉपी वाचली त्यांनी ती बेकी बघितलेलीच नाही, त्यांनी एक वेगळीच, जरा सौम्य कादंबरी वाचलीय. हे सरांना सांग आणि विचार की याला सजावट म्हणायचं का.

त्याच पुस्तकात अजून एक गंमत आहे. गोष्ट वॉटर्लूच्या लढाईच्या आसपासची, १८१५ची, पण चित्रांतले कपडे सगळे १८४०च्या दशकातले. तुला वाटेल चुकलं, तर नाही, थॅकरे सहाव्या प्रकरणाच्या तळटीपेत स्वतःच सांगतो की त्या काळच्या पात्रांना त्या काळचेच कपडे द्यायचं ठरवलं होतं पण ते इतके भयानक दिसायचे की माझ्या नायक-नायिकांना तसलं काही घालायचं माझ्या जिवावर आलं. आणि सोबत त्या जुन्या फॅशनचं छोटंसं चित्र काढून दाखवतो, बघा, हे असं दिसलं असतं. म्हणजे वाचणारा मजकुरात तीस वर्षं मागे आहे आणि चित्रात स्वतःच्याच गल्लीत आहे. ही उपहासाची पद्धतच झाली ना, हे लोक जुने नाहीत, तुम्हीच आहात. बऱ्याच स्वस्त आवृत्त्यांमध्ये तळटीप राहते आणि चित्र गळतं, आणि मग ती तळटीप बिचारी हवेत बोलत बसते.

आणि प्रकरणाच्या सुरुवातीची ती सजवलेली मोठी अक्षरं, ती अजिबात सोडू नकोस. चौसष्टाव्या प्रकरणाच्या सुरुवातीला बेकी नेपोलियनच्या पोजमध्ये समुद्राकडे बघत उभी आहे. मजकूर तिच्या भटकंतीबद्दल बोलतोय, नेपोलियनचं नावही न घेता ते छोटंसं चित्र सांगून जातं की ही हद्दपार झालीय आणि परत येणार आहे. शिवाय ते चित्र पहिल्या शब्दाच्या पहिल्या अक्षराला चिकटलेलं, त्यामुळे ते बघितल्याशिवाय वाक्य वाचायला सुरुवातच करता येत नाही. आणि मासिक अंकांवर कादंबरीचं उपशीर्षक होतं 'पेन अँड पेन्सिल स्केचेस ऑफ इंग्लिश सोसायटी', लेखणी आणि पेन्सिल दोन्ही. पुस्तक आलं तेव्हा ते जाऊन 'अ नॉव्हेल विदाउट अ हीरो' झालं. हेही सरांसाठी ठेव.

आता थोडं तंत्राचं, कंटाळू नकोस, कारण चित्रकलेतलं शून्य कळत असलं तरी हे कळायलाच हवं. दोन प्रकार लक्षात ठेव. एक म्हणजे स्टीलच्या प्लेटवर ॲसिडने खोदलेली रेघ, एचिंग. यात शाई खाचेत भरते, त्यामुळे खिळ्यांच्या टाइपबरोबर एकाच दाबात छापता येत नाही, वेगळ्या कागदावर वेगळं छापून अंकात घालावं लागतं. दुसरा म्हणजे बॉक्सवुडच्या आडव्या कापलेल्या ठोकळ्यावरचं कोरीवकाम. यात शाई वर राहिलेल्या भागाला लागते, टाइपलाही तसंच, म्हणून ठोकळा टाइपच्या शेजारी बसवून एकाच पानावर छापता येतो. यावरून चित्र पानावर कुठे येणार हे ठरतं आणि त्यावरून वाचक ते कधी बघणार हे ठरतं. 'पिकविक'पासूनच्या डिकन्सच्या मासिक अंकांमध्ये दोन प्लेट असायच्या, बत्तीस पानं मजकूर, आणि त्या दोन प्लेट मजकुराच्या आधी, जाहिरातींनंतर. म्हणजे गोष्ट वाचायच्या आधीच माणूस चित्र बघून बसलेला, अगदी आपण दिवाळी अंक हातात आला की आधी चित्रं चाळतो आणि ही बाई रडतेय का म्हणून मग कथा वाचायला घेतो तसं. चित्र तिथे मजकुराच्या मागून येत नाही, पुढे पळतं, चुकीचे अंदाजही बांधायला लावतं. मग पुस्तक बांधलं की तीच प्लेट आपल्या प्रसंगासमोर जाऊन बसते आणि खेळच बदलतो. त्याहून मजा म्हणजे मुखचित्र, ते शेवटच्या अंकाबरोबर यायचं, पण बांधणीत सगळ्यात आधी. 'ब्लीक हाउस' महिन्याच्या महिन्याला वाचणाऱ्याने चेस्नी वोल्ड या वाड्याचं ते काळवंडलेलं मुखचित्र एकोणिसाव्या महिन्यात बघितलं आणि पुस्तक घेणाऱ्याने पहिल्याच मिनिटाला. म्हणून डिझर्टेशनमध्ये दर चित्राला हे लिहायचंच की ते कोणत्या अंकात आलं, मजकुराच्या आधी की मध्ये, आणि पुढे कुठे सरकलं.

लेखक मोठा की चित्रकार, हा प्रश्नही तू मनात कुठेतरी धरून ठेवलायस असं पत्रावरून वाटतं. 'पिकविक' सुरू झालं १८३६ मध्ये ते चित्रकार रॉबर्ट सीमोरच्या कल्पनेवर, चित्रं त्याची आणि मजकूर जोडायला एक तरुण लेखक, म्हणजे डिकन्स. दुसऱ्या अंकाच्या वेळी सीमोरने आत्महत्या केली, मधे बस नावाचा एक चित्रकार येऊन गेला, आणि मग हॅब्लोट ब्राउन, म्हणजे फिझ, आला. त्याच वेळी चार प्लेट आणि चोवीस पानं याचं दोन प्लेट आणि बत्तीस पानं झालं. पारडं कुणाकडे झुकलं हे त्या आकड्यातच दिसतं.

पण फिझ नुसता हुकमाचा ताबेदार नव्हता बरं का. डिकन्स त्याला लांबलचक सूचना द्यायचा, 'डॉम्बी'मधलं लहान पॉल आणि मिसेस पिपचिनचं चित्र बघून तर तो इतका चिडला की मित्राला लिहिलं, मजकूर साधा सरळ वाचला असता तरी असं झालं नसतं. तरी फिझ स्वतःचं काहीतरी घुसवायचाच, आणि त्याची आवडती जागा म्हणजे भिंतीवरच्या तसबिरी. 'डेव्हिड कॉपरफील्ड'मध्ये डेव्हिड सुट्टीत घरी येतो आणि आई नव्या बाळाला घेऊन बसलेली दिसते, त्या चित्रात मागच्या भिंतीवर एक तसबीर उधळ्या मुलाच्या घरवापसीची आणि एक लव्हाळ्यात सापडलेल्या बाळ मोझेसची. डेव्हिड निवेदक असून त्याला स्वतःला जे नीट सांगता येत नाही ते भिंत सांगते. अशा जागा शोध, भिंती, आरसे, पुतळे, घड्याळं, कोपऱ्यातलं कुत्रं.

आणि 'ब्लीक हाउस'. मला स्वतःला विचारशील तर फिझचं सगळ्यात मोठं काम. चाळीस प्लेट आहेत, त्यातल्या दहा काळ्या, 'डार्क प्लेट' म्हणतात त्यांना, मशीनने आधी बारीक रेघा मारून सगळी प्लेट करडी करायची आणि मग त्यात उजेड आणि काळोख खेळवायचा. यातल्या बऱ्याच चित्रांत माणूसच नाहीये. आधीचा फिझ आठव, गर्दी, ढेरपोटे, पडापड, आणि इथे रिकामी गल्ली, रिकामा दिवाणखाना, थडगं. वकील टल्किंगहॉर्नचा खून होतो तेव्हाही प्लेटमध्ये प्रेत नाही, छतावर रंगवलेला रोमन बोट दाखवतोय आणि खाली खोली रिकामी. आणि एस्थर, जी अर्धी गोष्ट स्वतः सांगते, तिचा चेहरा आजारपणाने बिघडल्यावर फिझ तिला पाठमोरी करतो, वळवतो, काही ना काही करून चेहरा टाळतो. तिकडे मजकूरही तेच करतो, व्रण गेले की राहिले हे एस्थर शेवटपर्यंत सांगत नाही, कादंबरीचं शेवटचं वाक्यही अर्धवट सोडते. दोघं मिळून एकच गोष्ट लपवतायत. यावर एक पूर्ण प्रकरण होईल, बघ घ्यायचं तर.

सरांचा जो मुद्दा आहे ना, तो नवा नाही, कवी टेनिसनचाही तोच होता. १८५७ मध्ये मॉक्सन या प्रकाशकाने टेनिसनच्या कवितांची सचित्र आवृत्ती काढली, त्यात चित्रकार होल्मन हंटने 'लेडी ऑफ शॅलॉट' या कवितेतली शापित बाई काढली, केस वादळात सापडल्यासारखे उडालेले आणि विणकामाचे धागे अंगाभोवती गुंडाळलेले. टेनिसन वैतागला, मी केस उडत होते असं कुठे लिहिलंय? चित्रकाराने शब्दांच्या पलीकडे काही घालू नये असं त्याचं म्हणणं. हंटचं उत्तर असं की तुम्हाला तो शाप उभा करायला पंधरा पानं मिळाली आणि मला अर्धं पान. मी हंटच्या बाजूची आहे, उघड सांगते. ट्रॉलपचंही बघ, 'फ्रॅमली पार्सनेज'मध्ये मिले नावाच्या चित्रकाराने ल्युसी खोटं बोलून येऊन पलंगावर पडलीय ते काढलं, तर पोरीपेक्षा झालरींचा झगाच जास्त. ट्रॉलपने प्रकाशकाला तणतणून लिहिलं आणि पुढे तसाच झगा कुणाच्या तरी अंगावर प्रत्यक्ष बघितला तेव्हा गप्प झाला.

कधी कधी चित्र मजकुराला इतकं खाऊन टाकतं की लोकांना मजकूर आठवतच नाही. शेरलॉक होम्सची ती कानपट्टीची टोपी, सिडनी पॅजेटने १८९१ मध्ये 'स्ट्रँड' मासिकात बॉस्कम व्हॅलीच्या गोष्टीला काढली, मजकुरात फक्त डोक्याला घट्ट बसणारी कापडी टोपी आहे. उलट 'अ‍ॅलिस'मध्ये कॅरल मजकुरातच सांगतो की ग्रिफॉन माहीत नसेल तर चित्र बघा, म्हणजे वर्णनाचं कामच चित्रकार टेनिएलवर ढकलून मोकळा. हे दोन्ही प्रस्तावनेत दोन ओळींत टाक, पुरे. जास्त वाहवत जाऊ नकोस, अ‍ॅलिसवर लोकांनी इतकं लिहिलंय की त्यातून डोकं वर काढता येणार नाही.

आता कामाचं. पेपरबॅक फेकू नकोस पण त्यावर भरवसा ठेवू नकोस. इंटरनेट आर्काइव्ह आणि हाथीट्रस्टवर जुन्या प्रतींचे स्कॅन फुकट आहेत, डाउनलोड करताना साल बघ. व्हिक्टोरियन वेब या साइटवर प्लेटचे मोठे स्कॅन आहेत, टिपांसकट. गुटेनबर्ग वाचायला छान पण तिथे चित्र पानावर नेमकं कुठे होतं ते कळत नाही, आणि तुझं काम तर तेच. अजून एक खड्डा म्हणजे हाउसहोल्ड एडिशन, डिकन्स गेल्यावर १८७०च्या दशकात आलेली. तिच्यात फ्रेड बर्नार्ड वगैरे लोकांनी नवीन चित्रं काढली, तीच नेटवर डिकन्सची चित्रं म्हणून फिरतात. सही बघ, आणि लाकडी ठोकळ्याच्या चित्रात दोन सह्या शोध, एक काढणाऱ्याची आणि एक कोरणाऱ्याची, डॅल्झील किंवा स्वेन असं दिसेल. वाचायला म्हणशील तर जॉन हार्वे यांचं १९७०चं व्हिक्टोरियन कादंबरीकार आणि त्यांच्या चित्रकारांवरचं पुस्तक आधी घे, जुनं आहे पण माणूस चित्र बघून बोलतो, बाकी थिअरी नंतर.

चित्रकला येत नाही याची काळजी सोड. स्कॅन मोठा कर, आणि पात्राचं नाव, प्रसंग काहीही न लिहिता फक्त दिसतं ते लिही, कोण कुठे उभं, कोण कुणाकडे बघतंय, उजेड कुठून, दार उघडं की बंद. मग चित्राखालची ओळ वाच. मग तो प्रसंग परत वाच आणि मजकुरात जे नाही त्याखाली लाल रेघ मार. त्या लाल रेघा म्हणजे तुझं डिझर्टेशन, आणि मजकुरात असून चित्रात मुद्दाम गाळलेलं ते निळ्याने. आर्ट हिस्टरीचे शब्द नाही आले तरी चालेल, चुकीचे आले तर नाही चालणार.

आपल्याकडचं काही जोडायचं का विचारलंस. ओढूनताणून नको, थॅकरे कोलकात्यात जन्मला म्हणून एक पॅराग्राफ भारतावर असलं काही करू नकोस प्लीज. पण एक खरी वाट आहे, लॉकवुड किपलिंग. १८६५ मध्ये मुंबईत जेजे स्कूल ऑफ आर्टला शिकवायला आला, त्याच वर्षाच्या शेवटी त्याचा मुलगा रुडयार्ड मुंबईत जन्मला, पुढे १८७५ मध्ये बाप लाहोरला गेला. मुलाच्या 'जंगल बुक'मध्ये, १८९४च्या, काही चित्रं या बापाची आहेत, आणि १९०१च्या 'किम'साठी तर त्याने चित्रं काढलीच नाहीत, मातीत उठावाची शिल्पं केली आणि त्यांचे फोटो छापले. मुंबईत शिल्पकला शिकवणारा माणूस मुलाची कादंबरी शिल्पाने सजवतो, यावर वेगळं डिझर्टेशन होईल, पण तुझ्या या विषयात ते घुसडू नकोस, पीएचडीला ठेव.

आणि सगळे लेखक घे हा सरांचा सल्ला ऐकू नकोस, ऐकल्यासारखं कर फक्त. हार्डी आणलास की 'टेस' आलं, ते १८९१ मध्ये 'ग्राफिक' साप्ताहिकात आलं तेव्हा मजकूरच सोवळा करून छापला होता, मग कुठला मजकूर धरायचा इथूनच भांडण, आणि तुझे सहा महिने तिथेच जातील. एक कादंबरी घे. थॅकरे किंवा 'ब्लीक हाउस', दोन्ही नको. मी तुझ्या जागी असते तर थॅकरे घेतला असता, चित्रकाराची पत्रं, सूचना, भांडणं काही शोधायला नकोत, जे आहे ते पानावर आहे आणि पान फुकट मिळतंय. सरांना पुढच्या भेटीत सिनॉप्सिस देऊ नकोस, शेवटच्या प्रकरणातलं ते पडद्याचं चित्र आणि त्याच प्रसंगाचा मजकूर शेजारी शेजारी प्रिंट काढून ने, बेकी त्या रात्री घरात होती की नाही एवढंच विचार, आणि त्यांना बोलू दे.